अश्वहृदय

सज्जनहो, शरीर हा रथ, बुद्धी हा सारथी, मन हा लगाम आणि इंद्रिये हे घोडे, ही कठोपनिषदातील उपमा ज्याने ऐकली नाही असा श्रोता आपल्या मंडळींत क्वचितच सापडेल. साक्षात यमधर्माने ती बाल नचिकेत्याला सांगितली. आम्हीही या मंदिराच्या सभामंडपात ती अनेकदा सांगितली आहे, आणि दर वेळी तात्पर्य एकच काढले आहे. ते असे की लगाम घट्ट आवळावा, घोडे उधळू लागताच चाबूक ओढावा, म्हणजे रथ ताळ्यावर राहील. परंतु त्या उपमेकडे पुन्हा एकदा निरखून पाहता एक गोष्ट ध्यानात आली. तिच्यात रथ आहे, रथी आहे, सारथी आहे, लगाम आहे, घोडे आहेत आणि घोड्यांनी चालावयाच्या वाटाही आहेत. चाबूक मात्र कोठेच नाही. तो आमच्या पदरचा होता.

आणखीही एक विशेष आहे. यमधर्माने घोडे मारून टाका असे म्हटले नाही, की रथ सोडून पायी चाला असेही म्हटले नाही. ज्याचा सारथी जाणता आहे आणि घोडे वळण लागलेले आहेत, तोच त्या मार्गाच्या शेवटास, विष्णूच्या परमपदास पोचतो. म्हणजे घोडे हे शत्रू नव्हेत, तेच वाहक होत. ज्यांच्या पायांनी आपणांस तेथवर जावयाचे, त्यांच्याशी वैर धरून कसे चालेल? तेव्हा घोड्याला वळण खरोखर कसे लावतात, याचाच विचार आज करावा असे योजिले आहे.

आपण वैनगंगेच्या काठची माणसे. आपल्या जिल्ह्याचा पुष्कळ भाग १८५३ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता, आणि भोसल्यांचे सामर्थ्य त्यांच्या घोडदळात होते. परंतु ते दिवस गेले. आज बालाघाटात घोडा दिसतो तो बहुधा वरातीत. आपला खरा सोबती बैल. गोऱ्ह्याला प्रथम जू दाखविताना जाणता शेतकरी त्याला एकट्याने जुंपीत नाही; शेजारी जुना, शांत बैल देतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी तूप-हळद लावून बैलांचे खांदे शेकतात, ते वर्षभराच्या ओझ्याची क्षमा मागितल्यासारखेच असते. तेव्हा आता जे सांगावयाचे आहे ते आपणांस परके वाटू नये.

एका वर्षी दत्तजयंतीच्या सुमारास आम्ही खानदेशात सारंगखेड्यास गेलो होतो. तापीच्या काठी, आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, हे गाव आहे. तेथील एकमुखी दत्ताची यात्रा प्रसिद्ध आहे आणि त्या यात्रेतील घोड्यांचा बाजार त्याहून प्रसिद्ध आहे. लांबलांबच्या प्रांतांतून व्यापारी येतात. कोणी दात पाहून वय ठरवितो, कोणी अंगावरचे भोवरे पाहून शुभाशुभ सांगतो, कोणी चाल पाहतो. दर्शन करून आम्ही त्या बाजारातून चाललो असता एका कडेला एक वृद्ध मोतद्दार दोन-अडीच वर्षांच्या एका कोवळ्या घोडीपाशी उभा दिसला. तो काहीच करीत नव्हता, म्हणूनच आमचे लक्ष वेधले.

घोडी बुजरी होती. कान ताठ, नाकपुड्या फुललेल्या, नजर चंचल. म्हातारा तिच्या तोंडासमोरून गेला नाही, पाठीमागूनही गेला नाही. खांद्याच्या बाजूने, तिरका, दोन पावले पुढे आला आणि थांबला. घोडी मागे सरली तसा तोही एक पाऊल मागे सरला. काही वेळाने तिने मान किंचित खाली केली, तोंड चघळल्यासारखे हलविले आणि एक दीर्घ श्वास सोडला. तेव्हा त्याने हात पुढे केला, तोही उपडा, तिला हुंगू देण्यासाठी. मग मानेवर थाप, मग खांद्यावर, मग पाठीवर. ज्या जागी ती शहारली त्या जागेवरून त्याने हात ओढून घेतला नाही आणि पुढेही रेटला नाही. ती स्थिर होईपर्यंत हात तेथेच ठेवला आणि ती स्थिर होताच काढून घेतला. घोंगडी पाठीवर टाकण्यापूर्वी तिलाच हुंगावयास दिली. अर्ध्या घटकेत एवढेच झाले. मग त्याने मोहरकी काढली, मूठभर चंदी दिली आणि धडा संपविला.

आम्ही विचारले, "बाबा, आज एवढेच?" तो म्हणाला, "महाराज, ती आनंदात आहे तोवर थांबलो, म्हणजे उद्या ती माझी वाट पाहील. थकवून थांबलो असतो, तर उद्या मला पाहून पळेल." आणखी विचारता त्याने पुढचा क्रमही सांगितला. प्रथम दोर धरून सोबत चालणे. मग शब्दासरशी थांबणे. मग छातीवर बोट टेकताच एक पाऊल मागे येणे. मग पाय उचलून हाती देणे, कारण नालबंदापुढे उभे राहावयाचे असते. मग दोराच्या टोकाशी गोल फिरणे, त्याला आपल्या भाषेत कावा देणे म्हणतात, डावीकडून जितके फेरे तितकेच उजवीकडून. मग रिकामे खोगीर. आणि या सर्वांनंतर स्वार. "घाई केली तर घोडा चालेल," तो म्हणाला, "पण पाठीवर कोण आहे याची भीती घेऊन चालेल."

श्रीमद्भागवतात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यांत हत्ती आहे, हरिण आहे, अजगर आहे. घोडा मात्र नाही. परंतु दत्तप्रभूंच्या त्या यात्रेत आम्हांला एक गुरू घोड्याच्या पायांशी उभा असलेला भेटला, एवढे खरे.

त्याचे म्हणणे आजच्या शास्त्राशीही जुळते. घोडा हा शिकार करणारा प्राणी नव्हे; ज्याची शिकार होते असा तो प्राणी होय. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे त्याला जवळजवळ चोहोबाजूंचे दिसते. केवळ कपाळाच्या अगदी समोरचे आणि शेपटीच्या अगदी मागचे दिसत नाही. म्हणून पाठीमागून आलेला मनुष्य त्याला लांडग्यासारखा वाटतो आणि तो दुगाण्या झाडतो. आपण त्याला खोडी म्हणतो. वस्तुतः ते भय असते. त्याच्या पाठीच्या कण्याची हाडे पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत पुरती पक्की होत नाहीत, म्हणून कोवळ्या पाठीवर अकाली भार घालणे हा अधर्मच आहे. आणि घोडा शिकतो तो दाबाने नव्हे, दाब सुटण्याने शिकतो. दोराला हलकी ओढ दिली आणि त्याने एक पाऊल टाकताच ओढ सैल केली, की त्याला कळते, आपण केले ते बरोबर. ओढ तशीच राहिली तर कितीही बरोबर वागून सुटका नाही असे त्याला वाटते, आणि मग तो अडेल तरी होतो किंवा निर्जीव तरी होतो.

ग्रीक देशात सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी झेनोफन नावाचा एक सेनानी होऊन गेला. त्याने अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला आणि त्यात रागाच्या भरात घोड्यास कधीही हात लावू नये असे बजाविले. बुजलेल्या घोड्याला मारले असता त्याला वाटते, ज्या वस्तूला आपण भ्यालो तिनेच हे दुःख दिले. म्हणून मारामुळे भय दुणावते, हे त्याचे निरीक्षण आहे. शिकंदराच्या बालपणाची कथाही प्रसिद्ध आहे. एक उमदा घोडा कोणासच जवळ येऊ देईना. मोठमोठे सरदार हरले. तो आपल्याच सावलीला भितो आहे हे त्या मुलाने ताडले, त्याचे तोंड सूर्याकडे वळविले, त्याला चुचकारले आणि मग वर स्वार झाला. सज्जनहो, किती जणांचे मन असेच स्वतःच्या सावलीला भीत असते! त्याला मारून काय होणार? त्याचे तोंड सूर्याकडे वळविणारा कोणी हवा.

आपल्या पुराणेतिहासांत तर याची खाणच आहे. नल राजाची कथा आपल्या शेजारच्या विदर्भाची, दमयंतीच्या माहेरची. द्यूतात सर्वस्व गमावून, रूप पालटून, नल बाहुक या नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन राहिला होता. अयोध्येहून एका दिवसात विदर्भ गाठावयाचा प्रसंग आला तेव्हा त्याने निवडलेले घोडे दिसावयास कृश होते. राजाला शंका आली. जुंपताच ते घोडे गुडघ्यांवर खाली बसले. नलाने त्या वेळी आसूड उगारला नाही. त्याने त्यांना शांत केले, धीर दिला, आणि मग तेच घोडे वाऱ्यासारखे धावले. नलाला जी विद्या अवगत होती तिचे नाव काय होते? अश्वहृदय. घोड्याचे हृदय जाणण्याची विद्या. घोड्याला दंड करण्याची नव्हे. आणि गंमत अशी की हृदय जाणणारा हाच नल फाशांपुढे आपल्याच मनाला ओळखू शकला नव्हता. वाटेत ऋतुपर्णाने त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकविले तेव्हाच कली त्याच्या देहातून बाहेर पडला. ज्याचे मर्म कळते ते ताब्यात येते, ज्याचे कळत नाही ते आपल्याला ताब्यात घेते, हा त्या कथेचा गाभा आहे.

याहूनही हृदयस्पर्शी प्रसंग द्रोणपर्वात आहे. सूर्यास्तापूर्वी जयद्रथाचा वध करीन, नाही तर अग्निप्रवेश करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. एकेक क्षण मोलाचा. अशा वेळी भर रणात घोडे बाणांनी विद्ध झाले, थकले, तहानेले. भगवंतांनी काय केले? रथ थांबविला. अर्जुन पायउतार होऊन शत्रूस थोपवून धरता झाला. त्याने बाणाने भूमी भेदून पाणी काढले. आणि श्रीकृष्णांनी आपल्या हातांनी घोडे सोडले, त्यांच्या अंगातील शल्ये उपटली, त्यांना चोळले, पाणी पाजले, चारा घातला, लोळू दिले आणि श्रम नाहीसे झाल्यावर पुन्हा जुंपले. ज्यांच्या मुखातून गीता निघाली तेच हात घोड्यांना खरारा करीत होते. आपल्याला मात्र शाळेची वेळ झाली, गाडीची वेळ झाली, एवढ्यावरून घरातील लहानग्यावर हात उगारावयास वेळ लागत नाही! सूर्यास्ताच्या प्रतिज्ञेहून आपली घाई मोठी आहे काय?

येथे कोणी शंका घेईल की, मग शिस्त नकोच काय? सोडलेला घोडा रानात जातो आणि लाडावलेला घोडा चावतो. शंका रास्त आहे. मृदुता म्हणजे ढिलाई नव्हे. तो म्हातारा दोर हातातून सोडीत नव्हता. घोडी अंगावर येऊ लागली तेव्हा त्याने ठामपणे हात आडवा केला आणि तिला मागे सारले. परंतु ती मागे होताच हात खाली आला, आणि त्याच्या मुद्रेवर रागाचा लवलेश नव्हता. आज चावले तर हसावयाचे आणि उद्या चावले तर मारावयाचे, ही शिस्त नव्हे. ती मालकाची लहर होय. नियम थोडे असावेत, रोज तेच असावेत, आणि पाळताच त्यांचे फळ मिळावे. मर्यादा आणि भय या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, हे ज्याला उमगले तोच गुरू होण्यास योग्य.

आता हाच न्याय साधनेस लावून पाहू. अर्जुनाने सहाव्या अध्यायात गाऱ्हाणे केले की मन वाऱ्यासारखे आहे, ते आवरत नाही. भगवंतांनी ते नाकारले नाही. उपाय दोन सांगितले, अभ्यास आणि वैराग्य. आणि रीत सांगितली ती हळूहळूची, धीराने धरलेल्या बुद्धीची. मन जेथे जेथे जाईल तेथून तेथून त्याला परत आणावे, एवढेच. हा काव्याचाच धडा नव्हे काय? घोडे वर्तुळाबाहेर पडले, की दोर हलकेच आखडावा, पुन्हा वर्तुळावर आणावे. शंभर वेळा पडले तर शंभर वेळा आणावे. जपास बसल्यावर मन बाजारात गेले म्हणून कित्येक जण स्वतःवर चिडतात, माळ ठेवून उठतात. चिडणे म्हणजे चाबूक. त्याने मनाला जपाचेच भय बसते. दहा मिनिटेच बसावे, परंतु प्रसन्न असतानाच उठावे. म्हणजे उद्या मन आपण होऊन आसनाची वाट पाहील.

हे सर्व आम्ही अधिकाराने सांगत नाही, अपराधाच्या जाणिवेने सांगत आहो. मंदिरातील मुलांच्या पाठांतराचा वर्ग काही वर्षे आमच्याकडे होता. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा येत असे. जोडाक्षर आले की तो अडखळे. आम्ही त्याला उभे करून तोच चरण सर्वांसमोर दहा वेळा म्हणावयास लावीत असू. मुले हसत. तो जितका अडखळे तितका आमचा आवाज चढे. एके दिवशी आम्ही त्याचा कान पिळला. त्याने रडणे गिळले आणि तो गप्प झाला. तो वर्गात पुन्हा बोलला नाही आणि पुढे येईनासा झाला. काही दिवसांनी त्याची आई भेटली. खाली मान घालून म्हणाली, "काका, सायंकाळी आरतीची घंटा वाजली की त्याचे पोट दुखते."

सज्जनहो, जी घंटा ऐकून जीवाने देवाकडे धाव घ्यावी, ती घंटा ऐकून एका बालकाच्या पोटात भीतीने गोळा येतो, आणि ते भय पेरणारा हात आमचा! सारंगखेड्यास त्या घोडीसमोर उभे असता हेच वाक्य आमच्या कानांत वाजत होते.

परत आल्यावर आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. वर्गाचा विषय काढला नाही. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल घेऊन तो खेळत होता. त्याच्या चाकांविषयी दोन शब्द बोललो आणि उठलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. असे पुष्कळ दिवस चालले. शेवटी एका गुरुवारी तो मंदिराच्या पायरीपर्यंत आला आणि चपलांपाशी बसला. पूर्वीचे आम्ही असतो तर हाक मारून, हात धरून, आत ओढून आणले असते. त्या दिवशी हाक मारली नाही. येता-जाता एक झांज त्याच्या शेजारी ठेवून दिली. तीन गुरुवार ती तशीच पडून होती. चौथ्या गुरुवारी तिचा नाद ऐकू आला. आज तो वर्गात सर्वांत मागे बसतो. जोडाक्षरापाशी अजूनही थबकतो. तो थबकला की आम्हीही थांबतो. त्याच सुमारास गेलेली आणखी दोन मुले मात्र अद्याप परतली नाहीत, आणि त्यांचा हिशेब देवापुढे आम्हांलाच द्यावयाचा आहे.

आषाढी वारीत श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीपुढे दोन अश्व चालतात. बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांकडून ते आळंदीस येतात. हैबतबाबा आरफळकरांनी पालखी सोहळ्यास रूप दिले तेव्हापासूनचा हा मान आहे. एका अश्वावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कोणी नसते. तो माउलींचा अश्व. गोल रिंगणात मध्ये पालखी, भोवती टाळ-मृदंगाचा गजर, हजारो पताका, आणि त्या गर्दीच्या मधल्या वाटेने स्वाराचा अश्व पुढे व माउलींचा अश्व मागे धावतो. पाठीवर मनुष्य नाही, लगाम खेचणारा हात नाही, आणि तरीही तो वर्तुळ सोडीत नाही. त्याच्या टापांखालची माती वारकरी कपाळास लावतात. ज्या प्राण्याचा स्वभावच भिऊन पळण्याचा, तो लक्षावधी माणसांच्या कल्लोळात निर्भयपणे धावतो, हे कोठल्या चाबकाने साधले असते? मनाची परिपक्व अवस्था हीच. वर कोणी दरडावणारा दिसत नाही, परंतु ज्याचा आपल्यावर मान आहे तो पाठीवर बसलेलाच आहे, या भावाने ते धावते.

शेवटी सर्व कुटुंबांस आमची विनंती आहे. घरी मुलाला स्तोत्र शिकवाल तेव्हा धडा लहान ठेवा, आणि मूल हसत असतानाच पोथी मिटा. चूक झाली तर थांबा. बरोबर आले की लगेच शाबासकी द्या. राग आला असेल त्या दिवशी शिकवूच नका. मंदिराच्या शोभायात्रेत घोडा आणावयाचा झाल्यास तो आदल्या दिवशी आणावा, त्याला पालखी हुंगू द्यावी, ढोलताशा प्रथम दुरून ऐकवावा, त्याच्याजवळ फटाके वाजवू नयेत आणि मुलांस त्याच्या पाठीमागे उभे करू नये. मुक्या जीवाला भिववून काढलेली मिरवणूक देवास कशी रुचेल?

ज्यांनी भर रणात रथ थांबवून घोड्यांना पाणी पाजले, ते पार्थसारथी आपल्या सर्वांच्या रथांवर बसोत. आपले घोडे त्यांच्या हातचे पाणी पिवोत. आणि आपल्या मंदिराची घंटा ऐकून एकाही बालकाच्या पोटात भय न उठो, एवढीच त्यांच्या चरणी प्रार्थना.

श्रीकृष्णार्पणमस्तु.